आच, वाफ आणि गार पाणी: गवती चहाचं तेल घरी काढताना तापमान कसं सांभाळायचं

कोल्हापुरात परसात गवती चहाचं बेट नाही असं घर शोधावं लागेल. पावसाळ्यात ते इतकं माजतं की शेजारीपाजारी वाटूनही संपत नाही, आणि मग कधीतरी डोक्यात येतं की याचं तेल काढावं. भांडं मिळतं, व्हिडिओही ढिगानं मिळतात. पण पहिल्या घाण्यात हिरवट, करपट वासाचं पाणी हातात येतं आणि भांडं माळ्यावर जातं. बहुतेकांचं गाडं अडतं ते आचेवर. हा लेख त्याच एका गोष्टीबद्दल आहे. भांडं कुठलं घ्यावं, तेल कशाला वापरावं हे येईल, पण ओघात.

आधी एक स्पष्ट करतो. इथे फक्त पाणी आणि झाडपाला आहे. आंबवलेलं काहीही या भांड्यात घालायचं नाही. गूळ आपल्याकडे हाताशी असतो, त्यामुळे सल्ले देणारेही हाताशी असतात. परवान्याशिवाय दारू गाळणं महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ प्रमाणे गुन्हा आहे, आणि त्या हेतूनं भट्टीचं सामान बाळगणं हाही गुन्हाच. तांब्याचं भांडं, त्यावर चोचीसारखी नळी, खाली शेगडी असा थाट अंगणात मांडला की कुणीतरी कुंपणावरून विचारणारच, "काय ओ, हातभट्टी घातली काय?" त्याआधीच त्यांना बोलावून वास दाखवा. पहिली बाटली शेजारी गेली की प्रश्न मिटतो.

१. थर्मामीटर काय सांगतो आणि काय सांगत नाही

ज्यांनी उंच स्तंभाच्या, आत तांब्याची जाळी भरलेल्या, दारू शुद्ध करायच्या रिफ्लक्स भट्ट्यांचे व्हिडिओ पाहिलेत, त्यांच्या डोक्यात एक चित्र पक्कं बसलेलं असतं: वरच्या टोकाला थर्मामीटर, आणि त्याचा आकडा बघून आच कमीजास्त करायची. तिथे ते बरोबर आहे. अल्कोहोल ७८.४ अंशांना उकळतं, पाणी १०० ला, आणि दोन्ही एकमेकांत विरघळलेली असतात. मिश्रणातलं प्रमाण बदललं की वरच्या वाफेचं तापमान बदलतं, म्हणून आकड्याला अर्थ असतो.

गवती चहाचं तेल पाण्यात विरघळत नाही. त्यातला मुख्य घटक सिट्रल, तेलाचा साधारण ७० ते ८० टक्के भाग. सिट्रल एकटं उकळायचं म्हटलं तर सुमारे २२९ अंश लागतात, पण इतकं तापवलं तर ते करपून जाईल. पाण्याबरोबर मात्र ते शंभराच्या आतच निघतं. न मिसळणारे दोन द्रव एकत्र तापले की प्रत्येकाची वाफ आपापला दाब देते, आणि दोघांच्या दाबाची बेरीज हवेच्या दाबाएवढी झाली की उकळी फुटते. म्हणून हा घाणा पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या किंचित खाली चालतो, आणि पहिल्या थेंबापासून शेवटपर्यंत जवळपास तिथेच राहतो.

गुऱ्हाळावर उभं राहिलेल्याला हा फरक चटकन कळेल. काहिलीतला रस आटत जातो तसा त्याचा पारा चढत जातो, ११८ अंशांच्या आसपास गेला की गूळ उतरवायची वेळ होते, आणि गुळव्या ते नुसत्या बुडबुड्यांवरून ओळखतो. आपल्या भांड्यात पारा चढतच नाही. आच दुप्पट केली तरी वरचा आकडा तोच राहतो, फक्त वाफ दुप्पट होते. म्हणजे इथे सांभाळायच्या गोष्टी दोन: वाफ किती वेगानं निघते, आणि बाहेर पडणारं पाणी किती गार आहे. पुढची सगळी मांडणी या दोन गोष्टींभोवतीच आहे.

तरी एक थर्मामीटर घ्याच, आणि तो आधी तपासून घ्या. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे. इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, पन्हाळ्यावर जेमतेम ९७ ला. उकळत्या पाण्यात ९८ दिसले म्हणून थर्मामीटर बिघडलाय असं समजून दुकानदाराशी भांडू नका. दुसरी तपासणी बर्फाच्या चुऱ्यात: तिथे शून्य दिसायला हवं.

पिस्तुलासारखा लांबून मोजणारा इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत तांब्यावर आणि स्टीलवर चुकीचा आकडा दाखवतो. चकाकणारा धातू स्वतःची उष्णता कमी बाहेर टाकतो आणि आजूबाजूची परावर्तित करतो. मोजायच्या जागी काळी चिकटपट्टी लावा आणि तिच्यावर नेम धरा, मग आकडा बऱ्यापैकी खरा येतो.

२. काय काय लागेल

खालचे आकडे ३० लिटरच्या भांड्यासाठी आहेत. घरगुती कामाला हे माप बरं पडतं.

– झाकणाचं भांडं, वर घुमट आणि नळी. तांब्याचं किंवा ३०४ प्रतीच्या स्टीलचं. ॲल्युमिनियम नको. शिवाजी उद्यमनगरात स्टीलचं वेल्डिंग करून देणारे आहेत. चित्र काढून न्या, "तेल काढायचं भांडं" एवढ्यावर भलतंच हातात येईल.
– भांड्याच्या आत बसणारी, पायांवर उभी राहणारी जाळी.
– वाफ गार करायची वेटोळ्याची नळी आणि तिची टाकी.
– २०० लिटरचा पिंप, कूलरचा छोटा पंप, होज पाइप.
– शेगडी. बाहेर ठेवणार असाल तर वाऱ्याला आडोसा.
– मोजपात्र, घड्याळ, वही.
– तेल वेगळं करायला अरुंद मानेची काचेची बाटली आणि औषधाच्या दुकानातली मोठी सिरिंज.
– गडद रंगाच्या काचेच्या बाटल्या.
– जाड हातमोजे. वाफेचा चटका तव्याच्या चटक्यापेक्षा खोल जातो.

जोडकामात शिसं असलेलं डाग देणारं मिश्रण वापरलेलं नाही ना, हे विचारून घ्या. गाड्यांचे रेडिएटर दुरुस्त करणाऱ्याकडून डाग मारून घेऊ नका. तांब्याला आतून कल्हई असेल तर एक लक्षात ठेवा: कथील २३२ अंशांना वितळतं. आत पाणी आहे तोवर काही होत नाही, पण भांडं कोरडं पडलं तर कल्हई ओघळलीच.

वाफेच्या वाटेत कुठेही पीव्हीसी किंवा साधं रबर नको. सिट्रल प्लास्टिक आणि रबर दोन्ही खातं आणि त्यांचा वास तेलात येतो. सांध्याला टेफ्लॉनची पट्टी चालते. झाकणाला मात्र कणकेचा लेपच उत्तम, त्याचं कारण पाचव्या भागात.

३. शेगडी निवडताना

गॅस सगळ्यात सोयीचा, कारण वळवलं की लगेच फरक पडतो. ४ किलो गवत, ९ लिटर पाणी तापवून ५ लिटर अर्कपाणी (वाफ गार होऊन तोटीतून पडणारं, तेल असलेलं पाणी) काढायला पाऊण किलोच्या आत गॅस लागतो. हे विक्रीसाठी करणार असाल तर घरगुती टाकी वापरता येत नाही, व्यावसायिक घ्यावी लागते.

इंडक्शनच्या बाबतीत लोक हमखास फसतात. तांबं त्यावर चालत नाही. ३०४ स्टीलही बहुधा चालत नाही, कारण त्याला चुंबक चिकटत नाही. चालणारा तळ असला तरी कमी वॅटवर बरीच इंडक्शन यंत्रं चालू-बंद, चालू-बंद करत सरासरी गाठतात. त्यामुळे वाफ सलग येत नाही, उचक्या दिल्यासारखी येते, आणि प्रत्येक बंदच्या वेळी भांडं बाहेरची हवा आत ओढतं.

साधी कॉइलची शेगडी असेल तर २००० वॅटची पुरते. ती ९ अँपिअरच्या आसपास करंट खेचते, म्हणून १६ अँपिअरचा मोठा सॉकेट आणि नीट अर्थिंग हवं. मोबाइल चार्जरच्या सॉकेटवर अ‍ॅडॉप्टर लावून हा उद्योग करू नका.

चूल? चालते, आणि निखाऱ्यांवर घाणा सुंदर उतरतो. पण जाळ ओढून कमी करणं आणि सारून वाढवणं याचा हात बसलेला असावा लागतो. नवख्या माणसानं पहिले काही घाणे गॅसवरच काढावेत.

४. गार पाण्याचा हिशोब

वाफेचं पाणी करताना ती आपली सगळी लपलेली उष्णता सोडते: किलोमागे सुमारे २२५७ किलोज्यूल. शिवाय ९८ अंशांचं पाणी ३५ वर आणायचं. दोन्ही धरून १ लिटर अर्कपाण्यामागे अडीच हजार किलोज्यूल टाकीतल्या पाण्यात जातात. टाकीचं पाणी २० अंशांनी तापू द्यायचं ठरवलं तर १ लिटर अर्काला ३० लिटर पाणी लागतं. नवख्यांची बादलीभर पाण्यात बुडवलेली नळी पंधरा मिनिटांत का हरते ते यावरून कळेल.

२०० लिटरचा पिंप आणि पंप लावून तेच पाणी फिरवत ठेवलं तर ५ लिटर अर्क काढेपर्यंत पिंपातलं पाणी साधारण १५ अंशांनी तापतं. डिसेंबरात सकाळी २२ अंशांचं पाणी असेल तर शेवटी ३७ होईल, उत्तम. एप्रिलात दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीतून भरलेलं पाणी ३६ अंशांचं असतं. ते ५१ वर जाईल, आणि शेवटचा तास तुम्ही तेल हवेत सोडत बसाल.

यावर लोक बर्फ टाकतात. दहा किलो बर्फ वितळून २०० लिटर पाणी जेमतेम चार अंशांनी गार करतो, वितळलेलं पाणी तापताना आणखी थोडं. एवढ्यासाठी बर्फाची लादी वाहून आणण्यात अर्थ नाही. उन्हाळ्यात पहाटे पाचला सुरू करा, आदल्या रात्री पिंप भरून सावलीत ठेवा. घाणा संपल्यावरचं कोमट पाणी आंघोळीला, धुण्याला वापरा. आमच्याकडे त्या दिवशी गीझर बंदच असतो.

पाणी कसं सोडायचं यालाही दिशा आहे. गार पाणी टाकीच्या तळाशी आत, गरम पाणी वरून बाहेर. उलटं केलं तर वरचं गरम पाणी वरच साचून राहतं आणि नळीची वरची वेटोळी, जिथे सगळ्यात जास्त काम असतं, ती गरम पाण्यात पडून राहतात.

कन्नौजच्या अत्तरवाल्यांची देग-भपक्याची पद्धत या बाबतीत बघण्यासारखी आहे. तांब्याच्या देगेतून, म्हणजे उकळायच्या भांड्यातून, बांबूची नळी जाते ती पाण्याच्या हौदात बसवलेल्या भपक्यात, म्हणजे अर्क जमायच्या भांड्यात, आणि हौदाचं पाणी तापलं की कारागीर ते बदलतो. थर्मामीटर नाही, पंप नाही, त्याचा हात पाण्यात असतो.

५. भरणी आणि लेप

गवत सकाळी ऊन पडल्यावर, दव गेल्यावर कापा. एक दिवस सावलीत पसरून मलूल होऊ द्या. पाण्याचा अंश कमी होतो, त्याच भांड्यात जास्त गवत मावतं आणि आचही वाचते. भर पावसात कापलेल्या गवतात पाणी जास्त, तेल कमी. दसऱ्यानंतरचं गवत मला जास्त पसंत आहे.

३ ते ५ सेंटिमीटरचे तुकडे करा. भांड्यात ९ लिटर पाणी, त्याच्या वर चारपाच सेंटिमीटर अंतर सोडून जाळी, जाळीवर ४ किलो गवत. गवत पाण्यात बुडवायचं नाही. तळाला लागलं की करपट वास येतो, आणि तो तेलातून कधीच जात नाही.

दाबताना सगळीकडे सारखं दाबा, कडेला थोडं जास्त. पोकळी राहिली तर वाफ चोरवाट धरते: एकाच बोगद्यातून वर जाते आणि बाजूचं गवत कोरडंच राहतं. उलट फार ठासलंत तर वाफेला वाटच मिळत नाही आणि खाली दाब वाढतो.

झाकण बसवून सांध्यावर कणकेचा लेप द्या. घट्ट मळलेली कणीक, बोटाएवढी जाड वळी करून. तापली की ती कडक होते आणि वाफ अडवते. तिचा खरा गुण मात्र वेगळा आहे: नळी कुठे तुंबलीच तर कणीक आधी फुटते आणि वाफ तिथून निसटते. क्लॅम्प मारून, बोल्ट आवळून बंद केलेल्या भांड्याला ही सवलत नसते. म्हणूनच बाहेरच्या तोटीला कॉक लावू नका, बूच लावू नका, ती सतत उघडी हवी. सुरू करण्याआधी नळीतून फुंकर मारून बघा, दुसऱ्या टोकाला हवा आली पाहिजे.

६. पहिला टप्पा: मोठी आच

सुरुवातीला पूर्ण आच. भांडं, पाणी, गवत सगळं तापायला ३५ ते ४५ मिनिटं जातात. या वेळात घाबरण्यासारखं काही नाही, पण जागा सोडू नका. पंप अजून लावायची गरज नाही.

बघायचं ते घुमटाकडे. घुमट खालून वर तापत जातो. हाताची पाठ जवळ नेऊन अंदाज घ्या, टेकवू नका. घुमट तापला, नळीची मान तापू लागली की पंप सुरू करा आणि *आच लगेच निम्म्यावर आणा*. पहिला थेंब पडायच्या आधी. लोक थेंब पडल्यावर आच कमी करतात, तोवर खालचं पाणी खदखदत असतं, गवताचा फेस वर चढतो आणि तोटीतून हिरवं पाणी बाहेर येतं. जाड भांड्यात साठलेली उष्णता आच कमी केल्यावरही पाचदहा मिनिटं काम करत राहते, म्हणून थोडं आधीच थांबायचं.

७. दुसरा टप्पा: धार बांधणं

सगळी कारागिरी इथे आहे. तोटीखाली मोजपात्र धरा आणि घड्याळ लावा. या मापाच्या भांड्याला *१० मिनिटांत ३०० ते ३५० मिली* अर्कपाणी आलं पाहिजे, म्हणजे तासाला साधारण २ लिटर. दिसायला ती बारीक, सलग, पेन्सिलीच्या शिशाएवढी धार असते. थेंब-थेंब पडत असेल तर आच कमी आहे, बोरूएवढी जाड धार असेल तर जास्त.

आच जास्त झाली तर काय होतं: वाफ गवतातून घाईनं जाते, तेल सोबत घ्यायला तिला वेळ मिळत नाही. गार करायची नळी पुरी पडत नाही. तोटीतून पाण्याबरोबर पांढरी वाफ दिसू लागते. अंगणभर घमघमाट सुटला म्हणून पाहुणे खूश होतील, पण तो वास म्हणजे हवेत चाललेलं तुमचं तेल आहे.

आच कमी पडली तर नुकसान दिसत नाही, म्हणून ते जास्त फसवं. अशक्त वाफ गवतातच किंवा घुमटात थिजते आणि पाणी होऊन परत खाली गळते. रिफ्लक्स म्हणतात तो हाच. दारूच्या स्तंभात तो मुद्दाम घडवतात, कारण तिथे वर-खाली होण्यातूनच शुद्धता वाढते. आपल्याला त्यातून काही मिळत नाही. तेलाचा अंश पुन्हा खालच्या उकळत्या पाण्यात पडतो, तिथे शिजत राहतो आणि वास बिघडतो. म्हणून उंच स्तंभ, तांब्याची जाळी, डोक्यावर गार पाण्याची गुंडाळी असली जोडणी या कामाला घेऊ नका. महागडी मिळते आणि तेल कमी देते. घुमट बुटका हवा, आणि नळी मानेपासून पुढे उतरती, मध्ये कुठेही पाणी साचेल असा झोल नको.

आषाढातला वारा उघड्या अंगणात घुमटाची उष्णता पळवतो आणि असाच नको असलेला रिफ्लक्स सुरू करतो. शेगडीला पत्र्याचा आडोसा करा. घुमटावर जाड सुती फडकं गुंडाळता येतं, पण ते ज्वालेपासून चांगलं वर आणि पक्कं बांधलेलं असेल तरच.

आता दुसरा आकडा: बाहेर पडणाऱ्या अर्काचं तापमान. *३० ते ४० अंश*, बोटाला कोमट लागेल इतकं. ४५ च्या वर गेलं तर तेल उडू लागतं आणि पाण्यात विरघळून राहिलेला भागही वाढतो. फार गार करायचीही गरज नाही. कोमट अर्कात तेलाचे बारीक थेंब लवकर एकत्र येऊन वर जमतात.

अर्क गरम येतोय असं दिसलं तर आधी आच कमी करा, मग पाणी वाढवा. दोन्ही एकदम बदललंत तर कशामुळे काय झालं हे शोधत बसता. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि पुढची बदलायच्या आधी दहा मिनिटं थांबा.

वहीत दर पंधरा मिनिटांनी चार गोष्टी लिहा: १० मिनिटांतला अर्क, अर्काचं तापमान, पिंपातल्या पाण्याचं तापमान, जमलेलं तेल. शेगडीच्या नॉबवर रंगानं खुणा करून ठेवा. तीनचार घाण्यांनंतर ही वहीच तुमचा थर्मामीटर होते.

८. हमखास होणारे घोटाळे

*लाईट जाते.* शेगडी गॅसची आणि पंप विजेचा असेल तर हा सर्वात मोठा धोका. पंप थांबतो, आच चालूच राहते, आणि दोन-तीन मिनिटांत तोटीतून सरळ वाफ येते. लाईट गेली की पहिला हात गॅसच्या नॉबवर. उंचावर भरलेलं एक पिंप पाइप जोडून तयार ठेवलंत तर निदान गार व्हायला वेळ मिळतो.

*तोटी अर्कात बुडलेली असते.* तेल उडू नये म्हणून काही जण तोटीचं टोक बाटलीतल्या पाण्यात बुडवतात. आच बंद झाली की भांड्यातली वाफ आकसते, पोकळी तयार होते आणि बाटलीतलं सगळं नळीवाटे परत भांड्यात ओढलं जातं. पातळ पत्र्याचं भांडं चेपूही शकतं. तोटी आणि अर्काच्या पातळीत बोटभर अंतर हवं.

*पाणी संपतं.* ९ लिटर घातलं तर ५ लिटरच्या वर काढायचं नाही. मोजपात्र आहे, हिशोब आहे, तरी गप्पांच्या नादात हे होतं.

*बाटली शेगडीजवळ.* तेल पेटणारं आहे. गोळा करायची जागा ज्वालेपासून दूर, शक्यतो आडोशाच्या पलीकडे ठेवा.

९. कधी थांबायचं

गवती चहाचं बरंचसं तेल पहिल्या तासाभरात येतं. पुढच्या तास-दीड तासात उरलेलं. अर्ध्या तासात तेलाच्या थरात फरक पडला नाही की बंद करा, गॅस जाळून फक्त पाणी मिळेल.

आच बंद केल्यावर पंप दहा मिनिटं चालू ठेवा. झाकण लगेच उघडू नका. उघडताना तुमच्यापासून लांबची कड आधी उचला. गवताचा चोथा गार झाला की झाडांच्या बुंध्याशी टाका.

अपेक्षा आधीच माफक ठेवा. ताज्या गवतात तेल ०.२ ते ०.५ टक्के. ४ किलोतून ८ ते २० मिली. दहा-बारा मिली हातात आलं तर घाणा चांगला झाला. तेल पाण्यापेक्षा हलकं, ते वर तरंगतं. रात्रभर स्थिर ठेवून सकाळी सिरिंजनं वरचा थर उचलायचा आणि लगेच काचेत भरायचा. उरलेलं अर्कपाणी फेकू नका, फ्रिजमध्ये ठेवून फरशी पुसायला, उशांवर शिंपडायला वापरा. तेल पोटात घ्यायचं नाही, आणि नुसतं अंगाला लावायचं नाही. सिट्रलनं त्वचेला पुरळ उठू शकतो. १०० मिली खोबरेलात अर्धा मिली पुष्कळ झालं.

१०. विकायचं असेल तर

घरच्या वापराला कुठलाही कागद लागत नाही. विक्रीचं म्हटलं की चित्र बदलतं. अंगाला लावायचं म्हणून विकलं तर ते सौंदर्यप्रसाधन ठरतं आणि अन्न व औषध प्रशासनाकडून उत्पादनाचा परवाना लागतो. खाण्यात घालायचं म्हणून विकलं तर अन्नसुरक्षेची नोंदणी. आधार कार्ड, पॅन, जागेचा पुरावा, उद्यम नोंदणी हे कागद दोन्हीकडे कामी येतात. लेबलवर काय छापणार हे आधी ठरवा आणि मग अर्ज करा, कारण कुठलं दार ठोठवायचं ते लेबलवरच्या दाव्यावर ठरतं.

११. दुसऱ्या झाडाकडे वळताना

तुळस याच आचेवर निघते, फक्त तेल अगदी थोडं येतं. लवंगेचं तेल पाण्यापेक्षा जड, ते तळाशी बसतं, म्हणून वर थर दिसला नाही म्हणून अर्क ओतून देऊ नका. गुलाबाला आच आणखी मंद हवी, आणि तेलाची आशा सोडून गुलाबपाण्यावर समाधान मानावं. वाळ्याची मुळं मात्र वेगळंच प्रकरण आहे: बारा-बारा तास आणि त्याहून जास्त वेळ वाफ द्यावी लागते, मध्ये गरम पाणी भरत राहावं लागतं, आणि एवढ्या वेळेला २०० लिटरचा पिंप अजिबात पुरत नाही. विहिरीचं वाहतं पाणी असेल तरच त्याच्या नादी लागा. झाड बदलताना भांडं चिंच-मिठानं घासा, नळीतून अर्धा तास नुसती पाण्याची वाफ सोडा, आणि तो अर्क टाकून द्या.